गाडी उचलावी का? लिफ्ट किट, टायर आणि ऑफ-रोड बदलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थार, जिम्नी, गुरखा, व्ही-क्रॉस, हायलक्स किंवा आजोबांच्या काळची एमएम ५४० दारात उभी असली, की कोणी ना कोणी सांगतंच, "आधी हिला दोन इंच लिफ्ट करून घे." म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप वगैरेचं लिफ्ट किट बसवून बॉडी जमिनीपासून आणखी उंच करून घे. त्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत. मी बाजू घेऊनच लिहितो आहे, कारण चांगल्या गाड्या घाईत बिघडवल्या जाताना बघवत नाही.

सरळ सांगा, लिफ्ट किटचे पैसे वसूल होतात का?

दहातल्या बहुतेकांचे होत नाहीत. निदान पहिला खर्च म्हणून तर नाहीच. २०२० च्या थारला कंपनीकडूनच २२६ मिमी ग्राउंड क्लिअरन्स (पोटाखालची मोकळी उंची) मिळतो, समोरचा चढ घेण्याचा कोन ४१ अंशांच्या वर आहे आणि साडेसहाशे मिमी पाण्यातून जाण्याची क्षमता आहे. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी आहे, पण नाक आणि शेपूट आखूड असल्याने ती जागा काढत जाते. मुळशी-ताम्हिणीतले धनगरवाड्यांचे रस्ते, कोकणातल्या घाटवाटा, लडाख-स्पितीची सहल, शेताकडे जाणारी पाणंद हे सगळं या गाड्या आहे तशा अवस्थेत करतात. अडतात त्या बहुधा टायरमुळे, टायरमधल्या जास्त हवेमुळे किंवा चालवणाऱ्याने चाक चुकीच्या जागी टाकल्यामुळे.

लिफ्ट करावीच लागते अशा गाड्या आहेत, नाही असं नाही. त्या ओळखायच्या कशा, ते पुढच्या उत्तरात.

माझ्या गाडीला गरज आहे की नाही, हे कसं कळणार?

गाडी धुऊन रॅम्पवर घ्या आणि टॉर्च घेऊन खाली उभे राहा. गाडी कुठे टेकते हे तिचं पोट सांगतं.

पुढच्या बंपरचा खालचा ओठ खरवडलेला असेल, तर अडचण समोरच्या कोनाची आहे. ती आखूड बंपरने सुटते, लिफ्टने थोडीच सुटते. साइड स्टेप वाकलेल्या असतील, तर त्या आधी काढा. खूप गाड्यांचं "पोट टेकतंय" हे दुखणं एवढ्यावरच बरं होतं. मधल्या ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) खालच्या पत्र्यावर आणि चासीच्या कडांवर ताजे, लांबट ओरखडे दिसत असतील, तेही पुन्हा पुन्हा आणि त्याच जागी, तर मात्र लिफ्टचा विचार करायला आधार आहे. मागे डिफरन्शिअलच्या (एक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) बुडाशी दगडाचे ठोके असतील, तर कितीही लिफ्ट करा, ते ठोके तिथेच बसत राहणार.

आणि वर्षभर चालवूनही खाली रंग शाबूत असेल? मग तुमच्या रस्त्यांना ही गाडी पुरेशी उंच आहे.

डिफरन्शिअलला लिफ्टचा उपयोग का होत नाही?

अख्खा एक्सल म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा, डिफरन्शिअल त्याच्यातच असतं. स्प्रिंग लांब केली की चासी आणि बॉडी वर जाते, पण एक्सल चाकांच्या मध्यावर होता तिथेच राहतो. त्याला उचलायचा एकच मार्ग म्हणजे मोठा टायर, आणि तोही व्यासात जेवढा वाढतो त्याच्या निम्मंच उचलतो.

जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे, म्हणजे व्यास ६९३ मिमी. त्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३ मिमीच्या आसपास होतो. फरक चाळीस मिमीचा, डिफरन्शिअल वर गेलं वीस मिमी. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ च्या जवळ असेल. शिवाय जड चाक फिरवायला तेच १०५ पीएसचं पेट्रोल इंजिन आहे, त्यामुळे घाटात एक गिअर खाली उतरून चालवावं लागेल.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा एक्सल आहे. जुनी जिप्सी आणि एमएम ५४० यांनाही तसाच, फक्त पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेला. नवी थार, व्ही-क्रॉस आणि हायलक्स यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं), त्यामुळे पुढचं डिफरन्शिअल चासीबरोबर वर येतं, मागचं येत नाही. पण पुढे ज्या शाफ्टने चाक फिरतं, त्याचा कोन बिघडतो.

दोन इंचांनी असं काय बिघडतं?

दोन इंच म्हणजे पन्नास मिमी. कारखान्यात प्रत्येक सांधा, नळी आणि रॉड एका ठरलेल्या उंचीसाठी बसवलेले असतात.

स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत पुढचे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात. त्यांच्या टोकाला रबरी बूट असतो, त्याच्या घड्या एका बाजूने ताणल्या जातात आणि दुसऱ्या बाजूने एकमेकींवर घासतात. काही महिन्यांनी कधीतरी चाक काढलं, की रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसची पिचकारी उडालेली दिसते. बूट फाटला. त्यातून धूळ आत गेली की वळताना 'कट-कट' सुरू होते आणि मग बुटाऐवजी अख्खा शाफ्ट बदलावा लागतो.

अख्ख्या एक्सलच्या गाडीत पॅनहार्ड रॉड असतो. एक टोक चासीला, दुसरं एक्सलला. चासी वर गेली की हा रॉड एक्सलला बाजूला ओढतो आणि गाडी एका कुशीवर सरकल्यासारखी चालते. मागून चालणाऱ्याला ते स्पष्ट दिसतं. त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लागतो.

स्टिअरिंगचा कॅस्टर कोन कमी होतो. हा कोनच स्टिअरिंगला वळणानंतर आपोआप सरळ आणतो. तो गेला की महामार्गावर गाडी सतत धरून ठेवावी लागते, आणि खड्ड्यानंतर स्टिअरिंग जोरात थरथरायला लागू शकतं. कॅस्टर दुरुस्त करणारे बुश मिळतात. ते किटमध्ये आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारा.

ब्रेकच्या नळ्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. चाक पूर्ण खाली लोंबकळतं तेव्हा नळी ताठ होते. गाडी रॅम्पवर असताना, चाकं लोंबकळत ठेवून, मेकॅनिकला नळीला बोट लावून दाखवायला सांगा. सैल असली पाहिजे. शेवटी हेडलाइटची दिशा खाली करून घ्या, नाहीतर घाटात समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

नुसते स्पेसर टाकून स्वस्तात नाही का होणार?

गाडी उंच दिसेल, तेवढंच. स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या वर किंवा खाली बसवलेली चकती. शॉकअप जुनाच राहतो आणि त्याची लांबी ठरलेली असते. गाडी आधीच दोन इंच उचललेली असल्यामुळे चाकाला खाली जायला मिळणारी जागा तेवढीच कमी होते. खडकाळ वाटेवर तर चाक खाली जाऊन जमीन धरणं हेच महत्त्वाचं असतं. म्हणजे ज्यासाठी खर्च केला तेच कमी झालं, आणि प्रत्येक खड्ड्यात शॉकअप टोकाला आपटतो तो वेगळाच.

जुन्या पाट्यांच्या जीपांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लावतात, त्याचीही हीच गत. शॅकल वाढवला की पुढचा एक्सल कलतो, कॅस्टर जातो आणि डांबरी रस्त्यावर जीप भरकटते. करायचंच असेल तर गाडीला साजेशा स्प्रिंगा किंवा पाटे आणि त्यांच्याच मापाचे शॉकअप एकत्र घ्या. तेवढे पैसे नसतील तर थांबा. अर्धवट लिफ्टपेक्षा मूळ गाडी नक्की चांगली.

उंच गाडी पलटी होण्याची भीती खरी आहे का?

खरी आहे. दोन चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हा साधा हिशोब आहे. आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. उदाहरण म्हणून चाकांमधलं अंतर १४०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६५० मिमी उंच धरा. उत्तर १.०८ येतं. लिफ्टने गुरुत्वमध्य चाळीस मिमी वर गेला तर १.०१. ही जवळजवळ सहा टक्क्यांची घट आहे, आणि यात छतावरचं कॅरिअर, त्यावरचा तंबू आणि पाण्याचे कॅन धरलेलेच नाहीत. छतावरचं वजन लिफ्टपेक्षाही वाईट, कारण ते सगळ्यात वर असतं.

ऑफ-रोडवर हळू चालताना हे सांभाळता येतं. धोका घरी परतताना, द्रुतगती मार्गावर अचानक म्हैस किंवा दुचाकी आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तेव्हा असतो.

मग टायर कोणते घ्यावेत? एटी की एमटी?

पैसा पहिल्यांदा घालायचा तो इथेच. पण टायर तुमच्या मातीप्रमाणे निवडा.

कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड, लाल माती आणि ओल्या गवताखाली दडलेले टोकदार खडक असतात. तिथे मजबूत बाजू असलेला ऑल-टेरेन, म्हणजे एटी टायर उत्तम. डांबरावर पावसातही तो बऱ्यापैकी धरतो आणि फार आवाज करत नाही.

मराठवाडा-विदर्भातली काळी माती हा वेगळाच विषय आहे. जूनचा पहिला चांगला पाऊस पडला की ती चिकट होते, टायरच्या खाचांत भरते आणि चार-सहा फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. दारात आलेला बूट जसा दुप्पट जड असतो, तसं चाक होतं. इथे मोठ्या खाचांचा मड-टेरेन म्हणजे एमटी खरंच कामाचा आहे, कारण चाक थोडं जोरात फिरवलं की तो चिखल बाहेर फेकतो. ज्यांची रोजची वाट पाणंदीतून शेतावर जाते आणि पावसाळाभर तीच आहे, त्यांनी एमटी घ्यावा. पुणे किंवा नाशिकला राहून महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर पडणाऱ्याने घेऊ नये. ओल्या डांबरावर एमटीचं ब्रेकिंग कमकुवत असतं, तो लवकर झिजतो आणि सत्तरच्या पुढे गाणी ऐकू येत नाहीत.

कुठलाही घ्या, शक्यतो कंपनीने दिलेल्या मापाचाच घ्या. स्टेपनीसह पाचही सारखे घ्या.

टायरमधली हवा कमी करण्याचा खरंच एवढा फरक पडतो?

हो, आणि हा बदल जवळजवळ फुकट आहे. ३०-३२ पीएसआयवरची हवा १८-२० वर आणली की टायर लांबट पसरतो, जमिनीवरचा ठसा वाढतो, दगडावर तो आपटण्याऐवजी दगडाला कवेत घेतो. वाळूत १५ पर्यंत उतरता येतं. त्याखाली टायर रिमवरून निसटण्याची भीती असते, म्हणून झटकन वळायचं नाही. डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यामुळे चांगला कॉम्प्रेसर आणि अचूक गेज आधी घ्या. रुतलेली थार नुसती हवा सोडल्यावर स्वतःच्या पायांवर बाहेर निघते, हे एकदा पाहिलं की लिफ्टचा विषय बऱ्याच जणांच्या डोक्यातून आपोआप मागे पडतो.

बोलेरो पिकअपला जादा पाटा टाकला तर?

आपल्याकडचं सगळ्यात जास्त होणारं सस्पेन्शनचं काम हेच. उसाचं बेणं, कांद्याच्या गोण्या, पाण्याची टाकी, आणि मागून टेकलेली गाडी. जादा पाट्याने माल भरल्यावर गाडी सरळ उभी राहते, हे बरोबर. पण ब्रेक, एक्सल, बेअरिंग, टायर हे सगळं जुनंच असतं. आरसी बुकातलं वजन पाटा वाढवल्याने वाढत नाही. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहेत. रिकाम्या गाडीत मागचं चाक उड्या मारतं, ओल्या उतारावर मागची बाजू सुटते. मूळ पाट्यांपैकी एखादा तुटला किंवा बसला असेल तर तो बदला, बुश आणि यू-बोल्ट नवे घाला. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

हे कायदेशीर आहे का?

बहुतेक लिफ्ट किट आरटीओच्या परवानगीशिवाय बसवले जातात, आणि ते कायद्याला धरून नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहेत. "सगळेच करतात" हे वाक्य अपघातानंतर न्यायालयात उपयोगी पडत नाही.

कंपनीने स्वतःच विकलेल्या, त्या मॉडेलला मंजूर असलेल्या अ‍ॅक्सेसरीज वापरा आणि बिल जपून ठेवा. त्यापलीकडचं काही करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा.

गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या गाड्यांचे फोटो दाखवून अनेक जण "मग त्यांचं कसं?" असं विचारतात. त्या स्पर्धेसाठी बांधलेल्या गाड्या असतात. त्यांच्यासारखी गाडी रोज मुलांना शाळेत सोडायला वापरायची नसते.

विमा आणि वॉरंटीचं काय?

केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवला नसेल, तर दावा अडकू शकतो. बदलामुळेच अपघात झाला असं सर्वेक्षकाने लिहिलं, तर फारच. वॉरंटीत सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ड्राइव्ह शाफ्ट यांवर कंपनी हात वर करू शकते. वॉरंटी चालू असताना या भागांना हात लावू नका, असं मी स्पष्ट सांगतो.

बुल बार, लाइट बार, लोखंडी बंपर?

बुल बार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी सांगाडा, नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला कळवलं होतं. धडकेचा धक्का तो थेट चासीला देतो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो आणि पायी चालणाऱ्याचा जीव घेतो. लाइट बार सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि झाकलेला ठेवा.

लोखंडी बंपर आणि विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) मिळून समोर ऐंशी-शंभर किलो सहज वाढतात. पाच दारांच्या जिम्नीची एकूण वजनक्षमता सुमारे १५४५ किलो आणि रिकामी गाडी बाराशेच्या आसपास. चार माणसं बसली की उरतात साठेक किलो. आता त्यात काय काय लावायचं, ते स्वतःच मोजा.

स्नॉर्कल लावला की नदी ओलांडता येते?

स्नॉर्कल फक्त इंजिनाची हवा उंचावरून घेतो. पाणी इंजिनात शिरलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, ते तेवढं टळतं. डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सचे श्वासनळे खालीच असतील, तर गरम डिफरन्शिअल थंड पाण्यात पडताच पाणी आत ओढतं. पाण्यातून आल्यावर ऑइलचा प्लग काढून पाहा. ऑइल दुधी दिसलं तर त्याच दिवशी बदला. श्वासनळे वर नेणं हे स्नॉर्कलपेक्षा स्वस्त आणि जास्त गरजेचं आहे.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कुठलीही गाडी घालू नका. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्यांना उचलतं, आणि गाडी जितकी बंद व हवेने भरलेली तितकी लवकर तरंगते. पाणी उतरेपर्यंत थांबा, लागलं तर गावात मुक्काम करा.

विंच घ्यावा की दोर पुरेल?

दोन गाड्यांनी जाणार असाल तर चांगला कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, तो अडकवायला दोन शॅकल म्हणजे लोखंडी कड्या, एक फावडं आणि रुतलेल्या चाकाखाली घालायचे रिकव्हरी बोर्ड पुरतात. एकट्याने जाण्याची सवय असेल तर विंच. त्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी असावी.

दोर कशाला अडकवता ते महत्त्वाचं. ट्रॉली ओढायच्या गोळ्याला कधीही दोर लावू नका. ताणाखाली तो गोळा तुटला तर बंदुकीतून सुटल्यासारखा काच फोडून आत येतो, आणि माणसं अशी मेलेली आहेत. चासीला बोल्टने पक्के असलेले रिकव्हरी पॉइंटच वापरा. दोरावर जाड घोंगडी टाका, बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. गावातली मुलं हौसेने जवळ येतात, त्यांना आधी हटवा.

डिफरन्शिअल लॉक लिफ्टपेक्षा चांगला का म्हणतात?

कारण गाडी बहुधा तिरक्या खड्ड्यांत अडते. एक चाक हवेत फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक कारखान्यातूनच येतात, थारच्या काही प्रकारांना मागे मेकॅनिकल लॉक आहे. नवी गाडी घेताना याच गोष्टीसाठी थोडे जास्त पैसे द्या.

मग पैसे कोणत्या क्रमाने घालू?

आधी शिकण्यावर. महिंद्राने इगतपुरीला ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकॅडमी काढली ती याच कारणाने. अनुभवी मंडळींबरोबर एक पावसाळा काढला तरी खूप शिकता येतं. मग कॉम्प्रेसर आणि दोर, मग टायर, मग पोटाखालचे जाड पत्रे. एवढं झाल्यावर वर्षभर चालवा. ओरखडे तरीही त्याच जागी येत राहिले, तर संपूर्ण किट, सगळ्या दुरुस्तीच्या भागांसह.

आणि चालवायची कुठे?

सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारांवर, नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही मातीखाली दबलेली, दिसतही नाहीत. त्यावरून एमटी टायर फिरला तर हजारो वर्षांची रेघ झिजते. कासच्या पठारावर नाही. कोकणातल्या किनाऱ्यांवर नाही, कारण वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, आणि भरतीला अडकलेली गाडी खाऱ्या पाण्याने संपते. शेताची वाट असेल तर मालकाला विचारून, पेरणी झालेल्या रानाच्या कडेने.

लिफ्ट केलेली जुनी गाडी विकत घ्यावी का?

घेऊ शकता, पण रॅम्पवर चढवल्याशिवाय नाही. ड्राइव्ह शाफ्टचे बूट, ब्रेकच्या नळ्या, पॅनहार्ड रॉडचे बुश आणि यू-बोल्टभोवतीचा गंज बघा. चासीवर वेल्डिंग केलेलं दिसलं तर सोडून द्या. रिकाम्या रस्त्यावर ऐंशीने चालवा, हात क्षणभर सैल सोडा, गाडी सरळ राहते का पाहा. मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप मालकाने जपून ठेवले असतील तर ते किमतीत धरून मागून घ्या, कारण वाहन तपासणीच्या वेळी किंवा पुढे विकताना गाडी मूळ उंचीवर आणावी लागली तर तेच लागतील.